व्हॉल्व्हकाकांचा हात

गल्लीत कुणालाही व्हॉल्व्हकाकांचं खरं नाव विचारा, तो डोकं खाजवेल. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं दुकान होतं. काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारे जुने रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा, आणि आपल्याआधी ज्यानं ते खोलले असतील त्याचा उद्धार करणं हा शौक. "कुण्या गवंड्यानं सोल्डर मारलंय हे?" असं गिऱ्हाइकासमोर विचारल्याशिवाय त्यांचं काम सुरू होत नसे.

गेलं वर्षभर मात्र त्यांचा उजवा हात थरथरत होता. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून काकांनी बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. दोन अ‍ॅम्प्लिफायर त्यांनी "पार्ट मिळत नाहीत" अशी थाप मारून परत पाठवले होते. तिसरा आला तेव्हा त्यांनी मनाशी ठरवून टाकलं, हा जमला तर ठीक, नाहीतर दुकान बंद.

तो आणला होता गाणं शिकवणाऱ्या बाईंनी. "अर्धा तास छान वाजतो, मग तडतडायला लागतो," बाई म्हणाल्या. "मागं दोनदा तुमच्याकडेच केला होता. दुसऱ्यांदा केला त्याला बावीस वर्षं झाली, काही तक्रार नाही."

दुपारी काकांनी तो उलटा करून चालू केला. तापल्यावर तडतड सुरू झाली. अशा वेळी लाकडी काडीनं सोल्डरचा एकेक जोड हलकेच ठोकायचा. जिथं ठोकल्यावर तडतड वाढते, तो जोड सुटलेला. पोरखेळ वाटावा इतकं सोपं काम. पण काडीच थरथरत होती. एका जोडावर टेकवावी तर शेजारच्या चौघांना लागायची आणि सगळंच तडतडायचं. तासाभरानं काकांना अख्खा अ‍ॅम्प्लिफायर गुन्हेगार दिसायला लागला.

त्यांनी बटण बंद केलं आणि भिंग घेऊन आत डोकावून पाहिलं. निम्मे जोड त्यांचे नव्हते. त्यांचे जोड बोरांएवढे जाड. हे बारीक, चकचकीत, एका मापाचे. शिव्या घालायला तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. काम त्यांच्यापेक्षा सरस होतं. बाजूला तारखेची चिठ्ठी चिकटवलेली होती. अक्षर काकूंचं, त्यात नवल नाही. चिठ्ठ्या नेहमी काकूच लिहीत, त्यांच्या शेजारी बसून. पण ती तारीख! बावीस वर्षांपूर्वीच्या त्या चार महिन्यांत काका कंबर मोडून अंथरुणाला खिळले होते. दुकानाला तेव्हा कुलूप होतं. निदान काकूंनी तसं सांगितलं होतं.

काकांनी अंगातल्या शर्टाची कॉलर चाचपली. काकूंनी ती उलटून शिवली होती, अशाच बारीक, एका मापाच्या टाक्यांनी.

"अगं, जरा बाहेर ये."

काकू हात पुसत आल्या. काकांना विचारायचं होतं चिठ्ठीबद्दल, पण तोंडातून निघालं भलतंच. "माझा हात थरथरतो."

"माहीत आहे मला," म्हणत काकूंनी स्टूल ओढलं. "तुम्ही ऐका, मी ठोकते."

काकांनी बटण लावलं. काकूंनी कुणी न सांगता डावा हात पाठीमागे घेतला, कारण विजेच्या कामात दोन्ही हात आत घालायचे नसतात. चौथ्या व्हॉल्व्हच्या बुडाशी काडी टेकताच तडतड उसळली.

"थांब. तिथंच."

बटण बंद करून, आत साठलेली वीज काढून टाकून दोघांनी भिंगातून पाहिलं. तडकलेला जोड बोराएवढा होता.

"कुण्या गवंड्यानं मारलंय हे?" काकूंनी साळसूदपणे विचारलं.

काका हसले. काकूंनी जोड नवा केला. पुन्हा लावलेला अ‍ॅम्प्लिफायर तास होऊन गेला तरी बिनतक्रार वाजत राहिला.

"तेव्हा का नाही सांगितलंस?" काका म्हणाले. "चार महिने ताकास तूर लागू दिली नाहीस."

"काय सांगणार? रोज एकच घोकत होता, माझ्याशिवाय दुकान कसं चालेल. त्या हट्टावर भिंत धरून उभे राहिलात. चालतंय म्हटलं असतं, तर उठला असता का?"

बावीस वर्षं काका लोकांना ऐकवत आले होते, दुकानासाठी मी कसा उठलो ते.

"आणि मी उठल्यावर? परत कधी हात लावला नाहीस."

"तुम्ही बोलावलं नाहीत."

काकांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. ते दिव्याखालच्या आपल्या खुर्चीवरून उठले.

"इथं बस. त्या स्टुलावर पाठ धरते," ते म्हणाले. "आणि ते परत पाठवलेले दोन्ही उद्या मागवून घेऊ."