डब्याचा कंबरपट्टा

महालक्ष्म्यांच्या अंगावर घरच्या बाईचेच दागिने घालायचे आणि महालक्ष्म्या उठवल्यावर तिनं ते परत घालायचे, ही आमच्याकडची रीत. त्या दुष्काळात आईचे दागिने विकले गेले होते. देवी बोडक्या गळ्यानं बसवायची नाही, हे मी ठरवूनच टाकलं. सोसायटीच्या रेशन दुकानामागं फेकलेले तेलाचे डबे कापले, उमरग्याच्या रोडवर ट्रकवाल्यांनी टाकलेल्या सिगारेटच्या पाकिटांतला चंदेरी कागद त्यावर चढवला. आईला जन्मभर हवा असलेला कंबरपट्टाही केला, चांगला रुंद.

शेजारीण म्हणाली, "देवीला पत्रा घालत न्हाईत, बाई."

"ह्या साली देवीबी दुष्काळातच आलीय," आई म्हणाली.

तिसऱ्या दिवशी महालक्ष्म्या उठवल्या. आईनं तो कंबरपट्टा लुगड्यावर आवळला आणि दुष्काळी कामावर खडी फोडायला निघाली.