रुमालाखालचा हात

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आजवर तोंडावर खोटारडे म्हणत आलोय. आता मलाच कोणी तसं म्हटलं तर गुमान ऐकून घेईन.

मी रत्नागिरीचा आंब्याचा व्यापारी. डोक्यावर पेट्या वाहण्यापासून सुरुवात केली. धंदा शिकवला दादाने, माझ्या सख्ख्या मोठ्या भावाने. आमच्यात भाव तोंडाने बोलत नाहीत. रुमालाखाली हातात हात घालून बोटं दाबून आकडा सांगायचा. पटलं नाही तर समोरचा बोटं मागे ढकलतो. पटलं तर अख्खा पंजा घट्ट धरतो. दादाच्या उजव्या हाताची करंगळी अर्धीच आहे, करवतीत गेलेली. याच दादाने पाली गावातली आमची सामाईक आंब्याची कलमं मला न विचारता परक्याच्या घशात घातली. आठ वर्षं मी त्याचं तोंड पाहिलं नव्हतं.

मेअखेर हंगाम आटोपला आणि माझी मुलगी श्रावणी मला हिमाचलात ट्रेकला घेऊन गेली. वाटेवर अजून बर्फ, आणि जिथे वितळलं तिथे घोटाभर चिखल. दुपारी गाईड अडून बसला. "साब, अभी बर्फ कच्चा है. कल सुबह चलेंगे."

मला वाटलं, एक दिवस वाढवून हा पैसे उकळतोय. असल्या खेळी मी जन्मभर खेळलोय! "तेरे जैसे बहुत देखे," म्हणून भडकलो आणि पुढे निघालो.

"पप्पा, हा आंब्याचा बाजार नाहीये," श्रावणी म्हणाली. तरी बिचारी मागोमाग आली.

तासाभरात धुकं उतरलं. वाट दिसेना. आणि श्रावणीचा पाय बर्फात मांडीपर्यंत गेला. ओढून काढला तेव्हा घोटा मुरगळलेला, कपडे चिंब. मोबाईलला रेंज नाही. ओरडून ओरडून माझा घसा बसला. तिचे ओठ निळे पडले, मग ती बोलायचीच थांबली... मी तिचे दोन्ही हात डाव्या हातात धरले आणि वरून खांद्यावरचा टॉवेल टाकला. उजवा हातही आत घातला.

तो कोणीतरी धरला.

समोर माणूस नव्हता. टॉवेलाखाली मात्र हात होता—कोरडा, ऊबदार. माझी बोटं आपोआप चालली. एक बोट दाबलं: उतारावरून खाली जाऊन मदत आणतो. त्याने बोट मागे ढकललं. दोन दाबली: हिला पाठीवर घेऊन परत फिरतो. पुन्हा ढकलली. मी रडकुंडीला आलो. "मग काय करू? पोर मरेल माझी!" शेवटी पाचही बोटं दाबली: इथेच थांबतो.

त्याने अख्खा पंजा घट्ट धरला. करंगळी अर्धी होती.

श्रावणी डोळे मिटूनच पुटपुटली, "पप्पा, हे अर्धं बोट कोणाचं?"

त्या हाताबद्दल मी तिला एक शब्दही बोललो नव्हतो.

मी थांबलो. थोड्या वेळाने खालच्या उतारावरचं बर्फ—जिथून मी जाणार होतो तेच—धाडकन आत बसलं. खाली पाणी गरजत होतं. मग शिट्टी ऐकू आली. मी शिव्या घातलेला तो गाईड आमच्या पावलांच्या खुणांवरून आला होता.

खाली पोचल्यावर डॉक्टर म्हणाले, थंडीने भास होतात. दोघांना एकच भास?

परतल्यावर थेट पालीला गेलो. दादा अंगणात आमसुलं वाळत घालत होता.

"काय रे, वाट चुकलास?"

मी टॉवेल पुढे केला. "हात दे."

"हंगाम संपला, मेल्या. आता कसला सौदा?" म्हणाला, पण हात दिला. मी एक बोट दाबलं. त्याने ते मागे ढकललं. अगदी तस्संच.

मी बर्फातलं सगळं सांगितलं आणि विचारलं, "त्या दुपारी कुठे होतास?"

"इथेच. मी आणखी कुठे जाणार?"

कलमांचा राग गेला का? नाही. समोर बसून त्याला तो ऐकवतो. पण आमच्या धंद्यात फुकट हात कोणी देत नाही. त्या हाताने माझ्याकडून काय घेतलं, ते अजून कळलेलं नाही... दर रविवारी पालीला जातो, एवढं मात्र खरं.