गायरानातली मुलाण्याची जागा

आमच्या घरी पाहुणे आले की जेवणं झाल्यावर मला गोष्ट सांगायला बसवतात. बहुतेक वेळा ती आमच्या गावच्या पंचांची असते. पंच कसे बसायचे, कसे भांडायचे, एका बैलाच्या मोडलेल्या शिंगावरून दोन पाडवे कसे गेले, हे मी रंगवून सांगतो आणि लोक हसतात. त्या पंचांतला मीही एक होतो, हे सांगताना मी जरा ताठ बसतो. पण एका बैठकीची गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. ती लिहूनच ठेवतो. लिहिताना निदान समोर कुणाचं तोंड दिसत नाही.

आमचं गाव शिरोळच्या बाजूचं, कृष्णेच्या काठावर. पंच सात. वडील वारले आणि त्यांच्या पागोट्याबरोबर त्यांची चावडीतली जागाही माझ्याकडे आली. दोन्ही मला ढगळ व्हायची. बाकीचे सहा जण वडिलांच्या वयाचे, आणि मी बोलायला तोंड उघडलं की त्यांना नेमका खोकला यायचा.

निकालाची आमची रीत साधी होती. दर अमावास्येला बैठक. पाटील विषय मांडायचे, वादावादी व्हायची आणि मग पितळेच्या तबकातून सुपारीची खांडं फिरायची. पाटलांचं म्हणणं ज्याला मान्य त्यानं खांड उचलून तोंडात टाकायचं, मान्य नसेल त्यानं तबक तसंच पुढं सरकवायचं. एकानं जरी सरकवलं तरी निकाल पुढच्या अमावास्येवर जायचा. सगळ्यांनी खाल्लं, की तो विषय वर्षभर काढायचा नाही. तोंडानं ‘नाही’ म्हणावं लागत नाही म्हणून भाऊबंदकी वाढत नाही, असं म्हातारे सांगत. मला या रीतीतलं खरं म्हणजे एकच आवडायचं, ते म्हणजे सुपारी. तबक माझ्यापर्यंत यायच्या आधीच माझा हात त्याच्याकडे निघालेला असायचा.

“ह्येच्या बानं कितींदा तबक परतवलं,” पाटील म्हणायचे, “आन् ह्यो एक दिवस तबकच खाईल.”

गावातला मुलाणी माझा दोस्त. आम्ही एकाच डोहात पोहायला शिकलो, म्हणजे तो शिकला आणि मी त्याच्या मानेला धरून असायचो. त्याचं घर अगदी नदीकडच्या ओळीत. दर पावसाळ्यात पाणी उंबऱ्याला लागून परत जायचं. आईची दृष्टी गेली तसा त्यानं ध्यास घेतला, की वरच्या अंगाला, गायरानाच्या कडेला, एका खोलीपुरती जागा मिळावी. चैत्रातल्या बैठकीआधी तो माझ्याकडे आला.

“म्हातारीला दिसत न्हाय. पानी घरात शिरलं तर तिला कुठं न्हिऊ?”

“मी हाय की चावडीत,” मी म्हणालो.

“तू हायस म्हनूनच भ्या वाटतंय.” आम्ही दोघंही हसलो. मग तो म्हणाला, “मर्दा, सगळी न्हाय म्हनली तरी तू तेवढं तबक सरकव. पावसाच्या आधी अजून दोन अवसा हायत. मी परत इचारीन, पाया पडीन.”

एवढंच त्याचं मागणं होतं. बोलायचं नव्हतं, भांडायचं नव्हतं. फक्त हात आवरायचा होता.

बैठक लांबली. पाटलांनी शेवटी आपलं म्हणणं मांडलं. “आज एकाला दिली, की उद्या नदीकडची समदी वर येत्याली. मग जनावरं काय चावडीत चरायची? गायरान मोडायचं न्हाय.” तबक निघालं. तेव्हा मी शेजारच्या पंचाला मेहुण्याच्या आडमुठ्या घोडीची गोष्ट सांगत होतो. गोष्ट ऐन रंगात आली होती, म्हातारा पहिल्यांदाच न खोकता ऐकत होता. तबक आलं, गेलं. दाताखाली सुपारी कडकन फुटली तेव्हा मला कळलं. पायरीवर मुलाणी बसला होता. तो माझ्याकडेच बघत होता.

“समद्यांनी खाल्लं,” पाटील म्हणाले.

तेव्हाही उठून सांगता आलं असतं, की चुकून खाल्ली. पण चावडीत तोंडातलं थुंकणं म्हणजे पंचांचा अपमान, आणि पंचांनी मला पोरकट म्हटलं असतं. मी चावत राहिलो.

परतताना तो वाटेत भेटला. “कशी हुती?” त्यानं विचारलं.

“काय?”

“सुपारी.”

उत्तरासाठी तो थांबला नाही.

त्या श्रावणात कृष्णा उंबऱ्याशी थांबली नाही. मुलाण्यानं आईला माळ्यावर चढवलं आणि दिवसभर तो कंबरभर पाण्यात उभा राहिला. दुसऱ्या दिवशी आम्ही गुऱ्हाळाची काहील पाण्यात सोडली आणि तिच्यात बसवून म्हातारीला आणलं. उंचावरची कोरडी जागा म्हणून तिला चावडीत निजवलं. ती तापानं फणफणली होती. घोंगडं पांघरताना तिनं विचारलं, “कुठं आनलंसा मला?”

“चावडीत,” मी म्हणालो.

“मग उठवा मला. पंच बसायचं असत्याल.”

दोन दिवसांनी ती तिथंच गेली. पूर ओसरायच्या आतच मुलाणी बायकोपोरांना घेऊन कोल्हापूरला निघून गेला.

त्यानंतरच्या अमावास्येला पंचांनी वर्षाची अट मोडली. गायरानाच्या कडेला मुलाण्याला जागा द्यायची, असं ठरलं. कुणी खोकलं नाही. जागेच्या चार कोपऱ्यांवर दगड पुरले आणि निरोप घेऊन मला कोल्हापूरला पाठवलं.

तो टांगा हाकत होता. टेसनाबाहेर मी समोर जाऊन उभा राहिलो. त्यानं मला ओळखलं, मग घोड्याचा पट्टा आवळत म्हणाला, “बसा पावणं. कुठं सोडू?”

मी बसलो. रस्ताभर त्याच्या पाठीकडे बघत निकाल सांगितला. दगड पुरल्याचंही सांगितलं.

“गायरानात आता काय हाय?” त्यानं विचारलं.

“काय न्हाय. बाभळी. जनावरं चरत्यात.”

“चरू द्या की. जागा म्हातारीला पायजे हुती.”

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानं मला माझ्या नातेवाइकाच्या दारात उतरवलं, हात देऊन, म्हाताऱ्या माणसाला उतरवतात तसं.

पुढं काही वर्षांनी कोल्हापूरच्या महाराजांनी कुलकर्ण्यांची वतनं काढली आणि गावोगाव तलाठी आले. आमच्याकडे आलेला तलाठी तरणा, शाळा शिकलेला होता. त्यानं चावडीत स्वतःची पेटी मांडली, आणि पंच पारावर बसून गुडघे चोळायला लागले. तबक पाटलांच्या घरी गेलं. तलाठी एकदा गायरानाची पाहणी करायला निघाला, तेव्हा मी बरोबर होतो. दगड बघून तो थांबला.

“ही जागा कुणाची?”

“मुलाण्याची,” मी म्हणालो. “पंचांनी दिलीया.”

“मग तो राहत का नाही? कुठं आहे तो?”

“कोल्हापुरात.”

“येणार आहे का परत?”

चावडीत कधी न म्हटलेला शब्द मी तिथं, बाभळींत उभा राहून म्हटला. “न्हाय.”

त्यानं दोन गड्यांना हाक मारली आणि दगड काढायला सांगितले. त्यातला एक दगड खोल गेला होता. तो उपटायला मीही हात लावला.