चौघींचे तेरा मार्क

साठी उलटल्यावर बी.ए.ला बसले, हौसेनं. दहावी-बारावी घरीच अभ्यास करून दिलेली, त्यामुळे एकटीनं वाचायचं, एकटीनं लिहायचं ही सवय. आणि कल्याणच्या कॉलेजात समाजशास्त्राला निघालं ग्रुप प्रेझेंटेशन, वीस मार्कांचं. मी तर घरी सांगून बसलेले, एका जरी विषयात नापास झाले तर बास, पुढे शिकायचं नाही. गुडघे तेव्हाच कुरकुरायला लागलेले.

ग्रुपमध्ये मी आणि तीन मुली. विषय मीच सुचवला, आमच्या मोहने गावचा बंद पडलेला कारखाना. सगळा जन्म त्याच्या शेजारी काढला, मला नाही माहीत तर कोणाला?

एक मुलगी म्हणाली, "काकू, तुम्ही माहिती द्या, स्लाइड आम्ही करतो. बोलायचं पण आम्ही बघतो. तुम्ही शेवटी फक्त थँक्यू म्हणा."

"थँक्यूला मार्क असतात का गं?"

"चिल काकू. मार्क सगळ्यांना सेम."

मग भेटायचं ठरायचं आणि मोडायचं. कधी हिचा क्लास, कधी तिच्या मावसबहिणीची हळद. मी आपली लायब्ररीबाहेर तासभर बसून घरी परत. शेवटी चौदा पानं हातानं लिहिली आणि फोटो काढून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले. खाली तिघींचे अंगठे आले.

प्रेझेंटेशनच्या दिवशी पडद्यावर बघते तर माझीच पानं, तशीच्या तशी. टाइप करायचं काम प्रत्येकीनं दुसरीवर सोडलेलं, मग सकाळी घाईत फोटोच चिकटवले. आता भरभर लिहायच्या नादात मी अक्षरांवर रेघ देत नाही. पहिली मुलगी वाचायला लागली, चार शब्दांत अडकली. दुसरीनं मान वाकडी करून बघितलं. मागून कोणीतरी म्हणालं, "अरे, डॉक्टरची चिठ्ठी आहे ही." वर्ग हसला.

मॅडम म्हणाल्या, "कोणी बोलणार आहे का? नाहीतर शून्य लावते."

तिघींनी माझ्याकडे बघितलं. राग भयंकर आलेला, पण शून्यही सगळ्यांना सेमच की. उठले. कारखान्याच्या भोंग्यावर अख्खं मोहने कसं उठायचं, कुठल्या पाळीचा डबा कधी भरायचा, आणि भोंगा बंद झाल्यावरही बायका सवयीनं पहाटे उठून नुसत्याच कशा बसून राहायच्या, ते सांगत गेले. मधेच मी खुर्ची मागितली, तर ती तिसरीनं पळत आणून दिली.

वीसपैकी तेरा मिळाले. सात स्लाइडचे कापले. तेरा म्हणजे पास, चौघीही.

बाहेर मुलींनी लिंबू सरबत पाजलं. "सॉरी ना काकू. पुढच्या सेमला पण आमच्याच ग्रुपमध्ये हां."

खरं सांगू, नापास झाले असते तर सुटले असते, असंही क्षणभर वाटून गेलं. पण पास झाले होते, म्हणजे पुढचं सेमिस्टर आलंच. हो म्हणाले. निदान या तिघी भेटायला येत नाहीत, एवढं तरी मला माहीत आहे.