कुणी बिघडवलंय हे?

गल्लीत तिला कात्रीबाई म्हणत. हातातल्या कात्रीमुळे की तोंडातल्या, हे ज्यानं त्यानं ठरवावं. पस्तीस वर्षं शिवणकाम करत होती. दुसरीकडे शिवलेला फ्रॉक कुणी दुरुस्तीला आणला की ती तो उजेडात धरायची, नाक मुरडायची आणि विचारायची, "कुणी बिघडवलंय हे?" गिऱ्हाईक ओशाळायचं आणि कायमचं तिचं व्हायचं.

शाळा उघडायच्या तोंडावर ती स्टुलावरून पडली आणि उजवं मनगट मोडलं. घरातली सगळी दुखणी वीस वर्षं कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडेच, तेव्हा एकटीच तिकडे गेली. त्यांनी एक्स-रे पाहून स्वच्छ सांगितलं, "प्लास्टरनं भागायचं नाही. मोठ्या हॉस्पिटलात जा, ऑपरेशन लागेल."

"चाळीस गणवेश पडलेत माझे! बोटं मोकळी ठेवून प्लास्टर घाला, मी शिवीन."

"हाड वाकडं जुळेल, बाई."

"जुळू दे."

डॉक्टरांनी अर्धा तास डोकेफोड केली. शेवटी चिठ्ठीवर लिहिलं, 'ऑपरेशनचा सल्ला दिला, रुग्णाने नाकारला', तिची डाव्या हाताची सही घेतली आणि प्लास्टर घातलं. चिठ्ठी एक्स-रेच्या पिशवीत गेली. घरी ती अवाक्षर बोलली नाही.

हाड वाकडंच जुळलं. कात्री धरवेना, तेव्हा सुनेनं तिला मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरनं एक्स-रे उजेडात धरला. अगदी ती फ्रॉक धरायची तसा.

"कुणी बिघडवलंय हे?" त्यानं शेजारच्या शिकाऊ डॉक्टरला विचारलं. "हाड बसवलंय की खुंटी ठोकलीय?"

शिकाऊ डॉक्टर फिसकन हसली.

"आमच्या कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी," सून म्हणाली.

"वाटलंच. आधी यायचं नाही का, मावशी?"

पिशवी कात्रीबाईच्या मांडीवरच होती. तिनं ती हाताखाली दाबून धरली. सुनेनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. असा हात तिच्या पाठीवर कितीतरी वर्षांत फिरला नव्हता.

ऑपरेशन झालं. दरम्यान सुनेनं वाणी, दूधवाला, जिना, गच्ची, एकही जागा सोडली नाही. "आईंचा हात घालवला हो त्यानं!" पूर्वी कोपऱ्यावरच्या दवाखान्यात बसायला जागा मिळत नसे. आता बाक रिकामं पडू लागलं. येता-जाता कात्रीबाईला ते दिसायचं आणि ती मान फिरवून पुढे जायची.

एका दुपारी ती आत शिरली. बोलायचं ठरवूनच आली होती. डॉक्टरांनी तिचा हात खिडकीपाशी नेला, व्रणावरून बोट फिरवलं. तिनं अंग चोरलं.

"सुरेख काम केलंय त्यांनी," डॉक्टर म्हणाले. "बोटांचा व्यायाम सोडू नका."

चिठ्ठीचा विषय त्यांनी काढलाच नाही. तिचं वाक्य तोंडातच राहिलं आणि ती बाहेर आली.

घरी शेजारीण बसली होती. "मुलीचा ताप उतरत नाही. कोपऱ्यावर नेऊ का?"

"वेड लागलंय का?" सून कडाडली. "आईंचा हात बघा आधी!"

कात्रीबाईनं कपाटातून पिशवी काढली आणि चिठ्ठी सुनेपुढे धरली. "वाच. मोठ्यानं."

सुनेनं वाचली. मग पुन्हा, मनातल्या मनात.

"ही सही तुमची?"

"डाव्या हाताची."

"मग हॉस्पिटलात का नाही बोललात? मी गावभर बोंबलत फिरले, आई!"

"तू पाठीवरून हात फिरवत होतीस," कात्रीबाई म्हणाली.

शेजारीण अवघडून उठली. "हो, पण लोक म्हणतायत म्हणजे काहीतरी असेलच ना," असं पुटपुटत तिनं चपला घातल्या. घरी जाऊन मुलीला खांद्यावर घेऊन ती बाहेर पडली, तेव्हा कात्रीबाई दारातच उभी होती. शेजारीण कोपऱ्याकडे वळली नाही. सरळ मोठ्या रस्त्याला लागली.