रॉयसची हसायची भिंत

ऑस्ट्रेलियातल्या मूंटा गावात सायकल बिघडली की माणसं रॉयस ट्रेम्बाथकडे जातात, आणि त्याच्याबद्दल वाईट बोलणारं माणूस शोधून सापडायचं नाही. पोरांच्या चाकांत फुकट हवा भरून द्यायचा, दुरुस्तीला वेळ लागणार असेल तर स्वतःची सायकल काढून द्यायचा, आणि गिऱ्हाइकाला कधी वेड्यात काढायचा नाही. त्याला कारण होतं. ऐन तारुण्यात तो बापाची जुनी सायकल घेऊन ॲडलेडच्या एका मोठ्या दुकानात गेला होता. काउंटरवरच्या माणसाने ती बघितली आणि आतल्या सगळ्यांना हाक मारली, "या रे या, गंमत बघा!" रॉयस सायकल तशीच ढकलत बाहेर आला. आपल्या दुकानात असं होऊ द्यायचं नाही हे त्याने तेव्हाच ठरवलं, अजून दुकानाचा पत्ता नव्हता तरी.

एवढं असून त्याच्या दुकानात हसायची भिंत होतीच. या धंद्यात ती बऱ्याच ठिकाणी असते. लोकांनी घरी केलेल्या अचाट दुरुस्त्या काढून खिळ्याला टांगायच्या, खाली पुठ्ठ्यावर चार शब्द खरडायचे, आणि शनिवारची रपेट संपवून कॉफीला जमणाऱ्या मंडळींनी पोट धरून हसायचं. गिऱ्हाइकाचं नाव लिहायचं नाही, एवढं पथ्य पाळलं की झालं. तोंडावर हसलं तर अपमान, पाठीमागे हसलं तर करमणूक, असा रॉयसचा सोयीस्कर हिशेब होता.

क्लेम हॉकिंग आयुष्यभर गव्हाच्या कोठारावर राबलेला माणूस. अर्धांगाच्या झटक्याने त्याचा उजवा हात गेला आणि वाचणंही गेलं. अक्षरं दिसायची, पण लागायची नाहीत. डॉक्टरांनी फिरायला सांगितलं म्हणून तो तीनचाकी सायकल चालवू लागला. तिच्या मडगार्डची दांडी तुटली तेव्हा त्याने जेवणाचा चमचा ठोकून सपाट केला आणि तारेने आवळून बसवला. महिन्याभराने सायकल दुकानात आली. "झकास काम केलंय हो, मिस्टर हॉकिंग," रॉयस त्याच्या तोंडावर म्हणाला. क्लेमची पाठ वळल्यावर त्याने नवी दांडी बसवली, चमचा भिंतीवर टांगला आणि खाली लिहिलं, 'दुरुस्ती पण, सूप पण.'

पुढच्याच शनिवारी क्लेम गरम पेस्टी, म्हणजे खिम्याच्या मोठाल्या करंज्या, पिशवीत घेऊन आभार मानायला आला. रपेटवाले भिंतीपाशी खिदळत होते. सगळ्यात मोठा हशा नेमका चमच्यालाच चालला होता.

क्लेमने वर बघितलं. त्याचा अर्धा चेहरा फुलला, दुसरा अर्धा फुलतच नसे.

"आयल्सा! अगं ए, लवकर ये! माझं काम लावलंय यांनी भिंतीवर!"

गाडी लावून त्याची बायको आत आली. तिने गावातली दोन पिढ्यांची पोरं शाळेच्या बसमधून नेली होती, रॉयसही त्यातलाच. हशा एकदम थांबला.

"खाली काय लिहिलंय रे पोरा?" क्लेमने विचारलं. "मला मेलं वाचता येत नाही आता."

आयल्साने पुठ्ठा वाचला. मग रॉयसकडे बघितलं.

"वाच ना, रॉयस," ती म्हणाली. "मोठ्याने वाच."

ॲडलेडचा तो काउंटर रॉयसला आठवला, आणि या वेळी आपण काउंटरच्या कुठल्या बाजूला उभे आहोत हेही कळलं.

"क्लेम हॉकिंग," तो म्हणाला. "डाव्या हाताचं काम. उत्तम."

"ऐकलंस?" क्लेमने बायकोला कोपराने ढोसलं. "आणि तू म्हणत होतीस, चमचा वाया घालवला!" तो रपेटवाल्यांना चमचा कसा ठोकला ते सांगू लागला. तेही निमूट माना डोलावत राहिले, दुसरं करणार काय!

आयल्सा काउंटरवर ओणवली.

"मिसेस हॉकिंग, माझं चुकलं. आत्ता काढून टाकतो मी ते."

"खबरदार हात लावलास तर. आता घरी जाऊन सगळ्या गल्लीला सांगेल तो." तिचा आवाज अगदी खाली आला. "सायकल इथे आणायलाच तयार नव्हता तो. म्हणायचा, लोक हसतील माझ्या कामाला. मी म्हटलं, चल रे, रॉयस हसणाऱ्यातला नाही."

रॉयसने त्या दुपारी बाकीची सगळी भिंत रिकामी केली. चमच्याखाली नवा पुठ्ठा लावला आणि त्यावर तोंडाने बोलला होता तेच शब्दशः लिहिलं. आता क्लेम दर शनिवारी येतो, भिंतीसमोर उभा राहतो आणि म्हणतो, "वाच की रे एकदा." रॉयस वाचतो. आयल्सा तेवढा वेळ बाहेर गाडीतच बसून असते.