नवे टायर आणि दिराचा दोर

मंडळी, आज लई खूश हाय मी!

आमची गाडी फोर बाय फोर, तरी पाऊस झाला की शेताच्या रस्त्यावर, काळ्या चिखलात रुतायचीच. मग धाकटे दीर ट्रॅक्टरनं ओढणार आणि वर हसणार.

आज सकाळी लातूरला टायर बदलले. ह्यांना चिखलाचे दांडगे टायर हवे होते. मी म्हटलं, "रोज डांबरी, रविवारी चिखल. दोन्हीकडं चालणारे ऑल टेरेनच घ्या!" तेच घेतले.

रात्रीच पाऊस झालेला, तरी दुपारी शेताकडं निघालो. रुतायच्या जागी दीर ट्रॅक्टर आणि दोर घेऊन आधीच हजर! आम्ही हॉर्न वाजवत सरळ पुढं.

मागून ओरडले, "वहिनी, मग मी कशाला थांबलो?"

"चहाला या, भाऊजी!"

तुमच्या वाटेवर असं न बोलावता दोर घेऊन कोण उभं असतं?